माहेरचा जोंधळा

फुलाकाकूंच्या जोंधळ्याला कुणी मालदांडी, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारी ज्वारी, म्हणायची सोय नव्हती. मंद्रूपच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं म्हटलं, तर माझ्या डोक्यावर पोतं देऊन काकू तडक घरी आल्या. मी पुतण्या, सांगतो कुणाला! लग्नात त्यांच्या आईनं दिलेलं अक्कलकोटाकडचं ते बी. आई गेली, माहेरची जमीन भावकीत गेली. काका गेल्यावर तर काकूंना या जोंधळ्याचाच आधार.

बांधापलीकडे रंभाबाईंचं रान. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

संशोधन केंद्रातली पूनम जुने वाण शोधत आली, तेव्हा काकूंनी आपलं बी दिलं आणि वर म्हणाल्या, "रंभीचंबी तपास. दुकानातलं हाय ते."

कणीस, दाणा बघून जिथं दोन वाणांतला फरक कळत नाही, तिथं डीएनए सांगतो, असं पूनम म्हणाली. बी रुजवायचं, कोवळ्या पानातून डीएनए काढायचा आणि त्यातल्या ठरावीक खुणा, म्हणजे मार्कर, जुळतात का बघायचं. काकूंना एवढंच कळलं, की आता आईचं नाव होणार. त्यांचा तोरा बघून मला हसू यायचं.

निकाल ऐकायला रंभाबाईही ओसरीवर आल्या. काकूंचा जोंधळा मालदांडीशी खूण न खूण जुळला होता. वेगळा निघाला तो रंभाबाईंचा.

 मग त्यांनाच आठवलं. दुष्काळात कणगीतलं बी दळून खाल्लं होतं, आणि काकांनी 'तुझ्या माहेराहून आणलं' म्हणत दुसरं आणून ओतलं होतं. बिचाऱ्यांनी बायकोचं मन राखलं होतं.

"म्हंजी आईचं बी आमीच खाल्लं की गं," काकू रडायला लागल्या. मला फार वाईट वाटलं.

रंभाबाई उठून गेल्या. जिंकल्यावर दोन गोड शब्द बोलायला काय जातं, म्हणून मला रागच आला. पण त्या परत आल्या, भरलेलं सूप घेऊन.

"अक्का, मी नवी नवरी आले तवा तुमच्याकडं आलेल्या तुमच्या आईनं माजी वटी भरली व्हती, ह्याच जोंधळ्यानं. वटीचं धान्य शिजवून खायचं असतंय. पर दाणा लई देखणा, म्या पेरला. चुकलं म्हून कुणाला बोलले न्हाय. पसरा पदर."

"माजी वटी?" काकू म्हणाल्या. काका गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती.

"तुमच्या आईनं भरली समजा."

काकूंनी पदर पसरला. जोंधळा ओटीत पडला, तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी गच्च धरला.

"रंभे," त्या म्हणाल्या, "ह्यो मीबी खात न्हाय बग."