टपावरचे डाग

एका गाडीवरून मी आईला रडवलं होतं.

ते ज्याने निस्तरलं, तो सुहासदादा आज सकाळी गेला. चहा घेता घेता. हार्ट अटॅक.

रत्नागिरीत गाडीवर जीव असलेल्या बहुतेकांना तो माहीत असेल. शहराबाहेर पत्र्याची शेड. राजापूरपासून गुहागरपर्यंतच्या गाड्या रंगावरचे ओरखडे काढायला त्याच्याकडे यायच्या. कोणी 'पॉलिशवाला' म्हटलं की चिडायचा.
"पॉलिश बुटाला करतात. मी पेंट करेक्शन करतो."

मी मुंबईत असताना सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली होती. काळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल की काय इतकी खाली. गावच्या रस्त्याला शून्य उपयोगाची. पण हौसेला मोल नव्हतं तेव्हा.

मग मस्कतला नोकरी लागली. गाडी गावी, अंगणात फणसाखाली ठेवली.
आई म्हणाली, "जा तू. मी हाय ना."

कव्हर पहिल्याच वर्षी फाटलं. मी तीन वर्षं आलो नाही.

आलो, गाडी उन्हात बघितली आणि डोकं फिरलं. बॉनेटवर, दारांवर, सगळीकडे बारीक गोल गोल ओरखडे. काळ्या रंगावर लपत पण नाहीत.

"काय केलंस हिला?"
"रोज पुसत होते रे. लाल धूळ बसायची ना."
"कशाने?"
"तुज्या जुन्या गंजीनं. मऊ असते ती."

जांभ्याची धूळ, कोरडं फडकं, रोज, दोन वर्षं. म्हणजे सँडपेपरच की.

मी अंगणात उभा राहून काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटचं वाक्य लिहितो, कारण ते अजून माझ्या कानात आहे.
"तू हात लावला नसतास तर बरं झालं असतं."

ती डोळे पुसत आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. ते तांदूळ आदल्या दिवशीच निवडून झाले होते.
हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुहासदादाकडे.

त्याने आधी ती नीट धुतली. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हळूहळू हात फिरवला. पिशवीतून खरखर जास्त कळते म्हणे. मग लाइट घेऊन एकेक भाग बघत बसला.

माझी टकळी चालूच. आईने वाट लावली, एवढ्या चांगल्या गाडीची माती केली, वगैरे वगैरे.

त्याने मान वर न करता विचारलं, "आईचा खांदा दुखतो काय रे?"

मला माहीत नव्हतं.

"ओरखडे बघ. सगळे एका उंचीपर्यंत. त्याच्या वर हात गेलेलाच नाही. आता इकडे ये, टप बघ."

टपाच्या मधोमध पांढुरके डाग होते. वटवाघळांची घाण, फणसाचा चीक, पक्ष्यांचं काय काय. पडलं, वाळलं, उन्हात रंगात उतरलं. नखाला खड्डे लागत होते.

"हे जायचे नाहीत. घासत बसलो तर रंगच संपेल. खालचे ओरखडे वरवरचे आहेत. चार दिवस दे, काढतो."

"बरं."

"बरं काय? फणस सगळ्या गाडीवर होता ना? जिथे आईचा हात पोचला तिथली गाडी वाचली. नाही पोचला, तिथली गेली. आता वाट कोणी लावली ते तू ठरव."

मी टपावरच्या एका खड्ड्यावरून नख फिरवत राहिलो.

"आणि न्यायला एकटा आलास तर गाडी देणार नाही. त्यांना घेऊन ये."

घरी येऊन आईला खांद्याचं विचारलं. दोन वर्षं हात वर जात नव्हता. फोनवर कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी ती यायलाच तयार नव्हती. "मी नको. परत हात लागायचा." कशीबशी नेली. शेडमध्ये गाडी आरशासारखी उभी, आणि आई दोन्ही हात मागे बांधून चार पावलं लांब. ते बघून मला माझीच लाज वाटली.

आई ठेंगणी, म्हणून दादाने तिला स्टुलावर चढवलं. स्वतः स्टूल धरून उभा राहिला.
"काकू, हे डाग बघा. इथे तुमचा हात पोचला नाही."
"आनि बाकीची?"
"बाकीची तुम्ही वाचवलीत."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"आई, चुकलं माझं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवशी त्याने तिला दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, मायक्रोफायबरचं मऊ फडकं, सगळं शिकवलं. "कोरडी पुसायची नाही हां काकू. आधी पाणी." तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडून त्याच्या शेडवर फणसपोळी जायची. माझ्याआधी त्याचा वाटा निघायचा.

सध्या मी सुट्टीवर गावीच आहे. आज सकाळी दादा गेल्याचा फोन आला. आईला सांगितलं. ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली.

मग उठली आणि दोन बादल्या भरल्या.
"आई, आत्ता कशाला?"
"तेच्याकडं मळकी गाडी न्यायची नाय."

बॉनेट तिने धुतलं. दारं धुतली. आधी पाणी, मग शॅम्पू, सगळं दादाने सांगितलेलं तसंच. मध्येच थांबून रडली, परत धुवायला लागली.

शेवटी ओलं फडकं माझ्या हातात दिलं.
"टप तू पूस. माजा हात पोचत नाय."

मी पुसला. डाग आहेत तसेच आहेत.

दादा, तुझ्या अंत्यदर्शनाला गाडी स्वच्छ करून आणली होती. आई पुढच्या सीटवर होती.
आम्हा दोघांचा तुला शेवटचा नमस्कार.