वेणूबाईंची जागा

बत्तीस वर्षं एसटी चालवून महिपती निवृत्त झाले आणि भंगारात निघालेली एक बस विकत घेऊन तिचं फिरतं घर करायला बसले. कोथरूडच्या सोसायटीने बस गेटबाहेरच थोपवली, म्हणून पार्किंगच्या फरशीवर त्यांनी खडूने तिचा नकाशा आखला. मागे पलंग, मध्ये ओटा, दाराशी मोरी.

त्यांच्या बायकोने, वेणूबाईंनी, रेघांच्या आत एक फेरी मारली.

"ओटा झकास आहे हो. पण गाडी चालू असताना मी काय त्याच्यावर बसू?"

महिपतींना स्टिअरिंगवर असताना शेजारी कोणी असतं, ही सवयच नव्हती. त्यांनी आपल्या सीटशेजारी एक ऐसपैस चौकोन आखला. मग पाना घेऊन बसमध्ये चढले आणि 'चालकाशी बोलू नये' ही पाटी उतरवली.