बाबांचा बोगदा

बाबा जाऊन महिना झाला. आज डोंबिवलीच्या घरी त्यांचं कपाट आवरताना रंगाची डबी उघडली आणि त्या वासासरशी पंधरा वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

आई गेल्यावर बाबा जेवणाच्या टेबलावर छोटी रेल्वे उभारत होते. इंटरनेटवरच्या ग्रुपमध्ये विचारून विचारून त्यांनी थर्माकोलचा बोगदा केला होता. बोटं रंगाने माखलेली, चष्मा कपाळावर.

"अगं, मिनिटभर थांब. गाडी आता बाहेर येईल."

"बाबा, उशीर होतोय. संध्याकाळी बघते ना," म्हणत मी चपला घातल्या. संध्याकाळी मी विसरले. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

मघाशी ते गेल्याचं त्या ग्रुपवर कळवलं. नागपूरच्या एका काकांचं लगेच उत्तर आलं, "बोगद्याचा फोटो टाकताना त्यांनी लिहिलं होतं, मुलीला फार आवडला."