लुगड्यातला शाहीर

ती मंडई मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात नागपूरजवळच्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भरदिवसा खडी गंमत, म्हणजे तिकडचा तमाशा, रंगते. सारा गाव ती पाहण्यात दंग असताना एका विधवेच्या गोठ्यातून बैलजोडी चोरीला गेली. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती.

परतीच्या वाटेवर गावकऱ्यांनी गंमतवाल्यांना गाठलं, मारलं आणि ठाण्यात आणलं. "फिरस्ते लोक, हे यायचंच काम!" एकच गलका. म्हाताऱ्या शाहिराचा ओठ फुटला होता. अंगावर हिरवं लुगडं, तोंडावर झुपकेदार पांढऱ्या मिशा.

"हे काय?"

"नाच्याले ताप भरला जी. मंग लुगडं नेसून मीच नाचलो. मिशी पाहून लोकं लय हासले."

छकड्याच्या झडतीत ढोलकी, तुणतुणं आणि कपडे, एवढंच निघालं. बाहेर जमाव होता, म्हणून मंडळींना ठाण्यातच ठेवून घेतलं.

सकाळी ती बाई दिरासोबत फिर्याद द्यायला आली. तिने फक्त बैलांच्या खुणा सांगितल्या. तावातावाने बोलत होता तो दीर. एवढ्यात हवालदाराने पानठेलेवाल्याची खबर माझ्या कानावर घातली: हा दीर काल दुपारी मंडईत दिसलाच नव्हता.

मी त्याला वेगळं बसवलं.

"काल दुपारी कुठे होतास?"

"गंमत पाहून राहिलो होतो जी. पुढंच बसलो होतो."

"कशी झाली?"

"एक नंबर! तो नाच्या काय नाचला! कवळा पोऱ्या, पोरीवानी दिसे."

मी शाहिराला आत बोलावलं. "काल नाचला तो हा."

दिराने त्या मिशांकडे पाहिलं आणि सगळं कबूल केलं. भावजय त्याला शेत बटईने, अर्ध्या वाट्याने कसायला, देत नव्हती. बैल गेले की झक मारत देईल, हा त्याचा डाव. जोडी सासुरवाडीच्या गोठ्यात बांधलेली होती. पंचनामा करून ती आम्ही ताब्यात घेतली आणि कोर्टाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, बाईला दिली. बैलाच्या गळ्यात पडून ती म्हणाली, "आला वं माय, माया राजा आला!" पेरणी चुकली नाही.

गावाने माफी मागून मंडळींना पुन्हा बोलावलं. शाहिराने अट घातली, "ज्यायनं मारलं, त्यायनंच आमचं सामान उचलून न्यावं." आणि त्यांनी नेलं! डोक्यावर पेट्या, गळ्यात ढोलकी, पुढे ताठ मानेने शाहीर. बंदोबस्ताच्या निमित्ताने मीही गेलो आणि मनसोक्त हसलो.

पुढे पुष्कळ गुन्हेगार पाहिले. गप्प बसणाऱ्यांनी मला दमवलं; विचारल्याहून जास्त सांगणारे लवकर सापडले. आणि परक्याकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. ते बोट कुणाचं आहे, हे आधी पाहायला मी त्या ठाण्यात शिकलो.