गेटपासून सातवा झेंडा

सकाळचे साडेसात वाजले होते आणि सुभेदार साहेबांच्या नावाच्या पाटीला झेंडूचा हार घातलेला होता. पाटीखाली नारळ होता, अगरबत्ती होती, आणि वारा लागू नये म्हणून वीट आडवी लावून पेटवलेला दिवा होता. सुभेदार साहेब जिवंत आहेत. ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून माईकवाल्याला आवाज कमी करायला सांगत होते.

पाटीजवळ सुमनमावशी बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं की त्या आपल्या मुलाच्या पाटीजवळ बसल्या आहेत. ही चूक त्यांची नव्हती, माझी होती.

मी हिंगणघाटला एका बिछायत केंद्रात काम करते. लग्नाला, सभेला मंडप, खुर्च्या, सतरंज्या, कमानीचं गेट पुरवणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारपर्यंत कॉलेज, नंतर दुकान. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मालक मोहनभाऊंनी दुकानातलं लिहायचं काम माझ्याकडे दिलं. कोणती ऑर्डर कुठे, किती पाइप, किती खुर्च्या, मैदानाचा नकाशा, सगळं मी काढते.

या ऑगस्टमध्ये माजी सैनिकांच्या मंडळाकडून एक वेगळी ऑर्डर आली. तालुक्यातल्या बहात्तर सैनिकांसाठी बहात्तर झेंडे. काही शहीद झालेले, काही निवृत्त होऊन घरी आलेले. मंडळाचे अध्यक्ष सुभेदार साहेब स्वतः दुकानात आले होते.

मोहनभाऊ म्हणाले, "साहेब, नावं झेंड्यावरच छापून घेऊ ना. पाट्यांचा लफडाच नाई."

"तिरंग्यावर अक्षर लिहायचं नसते," साहेब म्हणाले. "आन दांड्याले पण काही बांधायचं नाई. फूल नाई, हार नाई, पाटी नाई. कायदा हाय तसा."

"मंग नाव कुठं लावू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझ्या हातात वही होती म्हणून. मी जरा घाबरतच म्हणाले, "दांड्याच्या पुढे हातभर अंतरावर लोखंडी सळाख ठोकली, आणि तिला तारेनं पाटी बांधली तर?"

"हे ठीक," साहेब म्हणाले. "पोट्टी हुशार हाय, मोहन."

"माह्याच दुकानातली हाय," मोहनभाऊ म्हणाले.

मग मी विचारलं, शहिदांची रांग पुढे ठेवायची का? साहेब नाही म्हणाले. फौजेत असताना सगळे एकाच रांगेत उभे राहायचे, इथेही तसंच राहू दे. शेवटी असं ठरलं की ज्याचं जे जन्मगाव, त्या गावांच्या क्रमाने पाट्या लावायच्या. तीन रांगा, एका रांगेत चोवीस. झेंडे खाली बांधून ठेवायचे. पंधरा तारखेला सकाळी नऊला एकेक नाव पुकारायचं, आणि त्या त्या घरच्या माणसाने दोरी ओढून झेंडा वर चढवायचा.

चौदा तारखेला दुपारी आम्ही शेवटच्या पाट्या बांधत होतो, तेव्हा सुमनमावशी आल्या. वीस किलोमीटरवरच्या गावाहून एसटीने, एकट्याच. त्यांचा मुलगा राजेश सैन्यात शिपाई होता. नऊ वर्षांपूर्वी गेला. त्यांनी पायातली चप्पल मैदानाबाहेरच काढली होती आणि चिखलातून अनवाणी चालत आल्या होत्या.

"बाई, मले वाचता येत नाई," त्या म्हणाल्या. "राजूचा झेंडा कोनता थे आजच दाखवून दे. उद्या गर्दीत कोनाले इचारू?"

"मावशी, उद्या नाव पुकारतील ना. कोणीही दाखवेल."

"कोनी दाखवाले नको. मले माहीत पाहिजे." मग त्या म्हणाल्या, "आतापावेतो सारं दुसऱ्यायनंच केलं. त्याच्या अंगावरचा झेंडा फौजेच्या साहेबानं घडी करून हातात देल्ला, म्या नुसता धरला. गावात फोटो लावला, त्याले हार आमदारानं घातला. एक डाव माह्या हातानं होऊ दे."

मी त्यांना पहिल्या रांगेत नेलं. "हे बघा, गेटातून आत आलं की पहिली रांग. गेटपासून सातवा."

त्यांनी माझ्याबरोबर बोटांवर मोजलं. मग परत गेटापाशी जाऊन एकट्याने मोजत आल्या आणि बरोबर राजेशच्या पाटीवर हात ठेवला. "सातवा," त्या म्हणाल्या. तीनच्या गाडीने परत गेल्या.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगते. बिछायतवाले सगळं गेटपासून मोजतात. स्टेज गेटपासून किती फूट, जनरेटर गेटच्या डाव्या हाताला, असं. मैदान रोज नवीन असतं, पण गेट आमचंच असतं, म्हणून डोळ्यांना तीच खूण ओळखीची वाटते. मला तीन वर्षांत तीच सवय लागली.

मावशी गेल्यावर तासाभराने जोराचा पाऊस आला. आमची काळी माती पाण्याने किती फुगते आणि चिकटते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. खुर्च्यांचा टेम्पो गेटातच चाकापर्यंत रुतला. मोहनभाऊ म्हणाले, "इथून उद्या पाहुण्यायले नेलं तं पाहुणे राहतीन इथंच आन जोडे जातीन घरी." मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, रांगा संपतात तिथे शाळेकडे, मुरूम टाकलेला होता. तिकडे जमीन घट्ट होती. सहा वाजेपर्यंत आम्ही गेट उचलून तिकडे उभं केलं. मी नकाशात एक गेट खोडलं आणि दुसरीकडे काढलं. झेंडे, पाट्या, यादी, काहीच हललं नव्हतं. मला वाटलं, सगळं ठीक आहे. मावशींची आठवण मला आली नाही. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

सकाळी त्या पहिल्या गाडीने आल्या. नवीन गेटातून आत शिरल्या. पहिल्या रांगेत सात मोजले. सातवी पाटी सुभेदार साहेबांची होती. राजेशची पाटी आता गेटपासून अठरावी झाली होती, आणि तिच्यापाशी कोणी नव्हतं.

मी मोहनभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "साहेबानं पाह्यलं?"

"अजून नाही."

"मंग जा, बुडीले म्हन पाटी पुसाची हाय, तिकडं बसा. गोडगोड बोलून उठव."

मी निघाले, पण तोपर्यंत उशीर झाला होता. साहेबांच्या पत्नी, काकू, घरून आल्या होत्या आणि थेट नवऱ्याची पाटी शोधत तिथे पोहोचल्या होत्या. त्यांना वाचता येतं. हार पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या मावशींना काही बोलल्या नाहीत. मला पाहिल्यावर हात धरून लांब नेलं.

"हे काऊन केलं वं? सणासुदीचा दिवस, आन माह्या जित्या नवऱ्याच्या नावापुढं दिवा? काढ थो हार आत्ताच्या आत्ता."

मी फक्त "काकू, माझी चूक झाली" इतकंच म्हणू शकले. तेवढ्यात साहेब आले. मी त्यांना गेटचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि मध्येच आपल्या पाटीकडे बघत होते. काकू पुन्हा पुन्हा हार काढा म्हणत होत्या. मोहनभाऊ साहेबांची माफी मागत होते. नऊ वाजायला सव्वा तास होता.

साहेब म्हणाले, "त्या माउलीले काही सांगू नका. तिचं मन मोडीन. तिले तिथंच बसू द्या. माह्या नावाच्या वेळेस ओढू द्या दोरी. कोनाले कळते?"

मोहनभाऊंनी लगेच मान हलवली. "साहेब मोठ्या मनाचे हायेत. झालं, मिटलं."

मला मोठ्या माणसांपुढे बोलता येत नाही. कॉलेजातही मी हात वर करत नाही. पण तेव्हा मला माझी आई आठवली. आई अंगठा लावते. दवाखान्यात, बँकेत, शाळेत, माणसं तिच्यासमोर उभी राहून हळू आवाजात तिच्याबद्दल ठरवतात, आणि ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहते. ते तिच्या भल्याचंच असतं बहुतेक. पण घरी येऊन ती विचारते, "काय म्हनत होते वं थे?"

मी म्हणाले, "साहेब, त्यांना एकच गोष्ट करायची आहे. राजेशची दोरी ओढायची आहे. ती दुसऱ्याची निघाली तर... त्यांना नाही कळणार, पण आपल्याला कळेल ना. मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

मोहनभाऊ माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. साहेबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "चाल. मी येतो संग."

मी मावशींसमोर उकिडवी बसले. गेट इकडचं तिकडे गेलं, मी तुम्हाला कळवायला विसरले, आणि ही पाटी राजेशची नाही, हे सांगितलं. मावशी आधी पाटीकडे पाहत राहिल्या. मग नारळाकडे.

"मंग हे कोनाचं हाय?"

"माह्यं," साहेब म्हणाले.

मावशींनी मान वर करून त्यांना पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. गणवेश नव्हता, पण छातीवर पदकं होती. त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या.

"अरे देवा," मावशी म्हणाल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, त्या रडताहेत. "म्या तुमच्या नावानं सकायपासून रडून राह्यली. दोन डाव तं मोठ्यानं रडली."

मावशी काकूंकडे वळल्या. "बाई, मनात आनू नको. जित्या मानसाले चुकून हार पडला तं त्याचं आयुष्य वाढते. माह्या मायनं सांगतलं होतं. तुह्या मालकाले आता काई होत नाई. लय वर्षं तरास देतीन तुले."

काकूंना हसू आलं, आणि हसताहसता त्यांनी डोळे पुसले. "तरास तं आत्ताच कमी नाई," त्या म्हणाल्या.

मी हार काढायला हात पुढे केला. मावशींना अठराव्या झेंड्यापाशी न्यायचं, दिवा, नारळ सगळं तिकडे मांडायचं, असं माझ्या डोक्यात होतं. काकूंनीच मला थांबवलं.

"पेटला दिवा उचलू नये वं. पाटी हालव."

तसं पाहिलं तर सगळे दांडे सारखे, सगळे झेंडे सारखे. कोणाचं काय, ते पाटीवरूनच ठरत होतं. पाटी तारेने बांधलेली. माझ्या पिशवीत पकड होती. मी साहेबांकडे पाहिलं, कारण गावांचा क्रम त्यांनीच ठरवला होता आणि ते क्रमाच्या बाबतीत फार कडक आहेत. एक सळाख वीतभर बाहेर होती म्हणून आदल्या दिवशी त्यांनी ती पुन्हा ठोकायला लावली होती.

"गाव कोनतं तुमचं?" त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी सांगितलं. "मंग माही पाटी तुमच्या गावात लावतो. आज मी तुमच्या गावचा."

"ये ना," मावशी म्हणाल्या. "जागा हाय."

तार सोडायला आणि परत बांधायला मला दहा मिनिटं लागली. एक पाटी इकडे, एक तिकडे. पाटी काढताना हार मावशींनी स्वतः धरून ठेवला आणि राजेशची पाटी बांधून झाल्यावर परत घातला. मग त्यांनी पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "याच्यात राजू कुठं लिवलं हाय?" मी दाखवलं. त्यांनी त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं. मग यादीत मी दोन नावांची जागा पेनने बदलली आणि नाव पुकारणाऱ्या मास्तरांना नेऊन दिली.

नऊ वाजता नावं सुरू झाली. "शहीद शिपाई राजेश" म्हटल्यावर मावशी उठल्या. पावसाने दोरी भिजून कडक झाली होती, अर्ध्यावर अडकली. जवळची दोन-तीन माणसं पुढे सरकली. साहेबांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. मावशींनी दोरी थोडी खाली सोडली, पुन्हा ओढली, आणि झेंडा वर गेला. त्यांनी सॅल्यूट वगैरे केला नाही. दोरी नीट गुंडाळून बांधली, गाईचा दोर बांधतात तशी, दोन गाठी मारून. मी बांधलेली एकच गाठ होती, ती सुटली असती.

साहेबांचं नाव आलं तेव्हा ते मैदानाच्या त्या टोकाला, मावशींच्या गावच्या जागेवर उभे होते. दोरी काकूंनी ओढली.

कार्यक्रम संपल्यावर मोहनभाऊ मला काय बोलतील याची मी वाट पाहत होते. ते खुर्च्या मोजत होते. म्हणाले, "तू आज मले इचारलं नाई." मी खाली पाहिलं. "नाई इचारलं थे बरं केलं. मी नाई म्हटलं असतं." एवढंच. मावशींना एसटीवर सोडायला त्यांनी दुकानाची गाडी दिली. जाताना मावशींनी अर्धा नारळ माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "घरी जाऊन मायले देजो."

मला त्या दिवशी कोणीच रागावलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. साहेबांना, काकूंना, मावशींना रागवायचा हक्क होता. त्यांचे आभार मी तेव्हा नीट मानू शकले नाही, म्हणून इथे मानते.

कामापुरतं शिकले ते असं. जी वस्तू आम्ही टेम्पोत घालून आणतो, ती कोणाला खूण म्हणून सांगायची नाही. झाड सांगायचं, पाण्याची टाकी सांगायची, शाळेची भिंत सांगायची. आणि कोणी बोटांवर मोजून गेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी गेटवर जाऊन त्या माणसाची वाट पाहायची.