मागल्या जन्मीचा पाय

माझा डावा पाय लहानपणी तापात वाळला. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मात्र तापाला कुणी दोष दिला नाही. आत्या सरळ म्हणायची, "मागल्या जन्मी कुणाला तरी लाथाडलं असशील, त्याशिवाय का?" मला ते पटलं होतं. कुणाला लाथाडलं ते काही केल्या आठवेना, म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येक गाईच्या मी पाया पडायचे. तूच असशील तर माफ कर गं बाई! आता हसू येतं आणि संतापही येतो. न केलेल्या पापापायी मी मान खाली घालून वाढले.

थोरल्या बहिणीचं एक स्थळ माझा पाय पाहूनच मोडलं होतं. "रक्तातच खोट असेल," म्हणाले. त्यामुळे मोडनिंबची मंडळी तिला बघायला आली त्या दिवशी आईनं मला आधीच भिंतीशी बसवलं. घरात दोन मुली आहेत हे त्यांना ठाऊक होतं, लपवून चालणार नव्हतं. परकर पायांवरून नीट पसरून तिनं बजावलं, "काही झालं तरी उठायचं नाही."

दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि मंडळी आली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलाची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळ, पाण्याचा तांब्या आण की."

मी जागची हलले नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मी जमिनीकडे बघत राहिले. समोर बसलेल्या बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. आई आतून आली आणि माझ्या गालावर फाडकन एक ठेवून दिली. "ऐकू येत नाही? आळशी मेली!" मग स्वतःच तांब्या घेऊन आली.

मुलाची आई हसत सुटली. "लई आळशी हाय की गं तू! सासू झिंज्या उपटंल तुझ्या!"

बहिणीचं लग्न ठरलं. मंडळी गेल्यावर आई माझा गाल कुरवाळत रडायला लागली. तिला वाटलं, मला लागलं. खरं सांगू? मी खुशीत होते. पाय मागल्या जन्मीचा, पण आळस याच जन्मीचा, चारचौघींसारखा. एवढ्याशावर सुखावले याची आजही लाज वाटते. माझ्या सासूचा विषय आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणी काढलाच नव्हता, शिव्या देतानासुद्धा.