दहातलं शून्य

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रिंटरला कागद लावत होतो. जळगावहून तिचा भाऊ बोलत होता. पहाटे गेली, दुपारी नेणार आहेत, जमलं तर या, एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी कागद लावणं पूर्ण केलं. मग कळलं की कागद उलटा लावलाय... धुळ्याहून निघून पारोळा, एरंडोल करत मी जळगावच्या पिंप्राळ्यात पोचलो तेव्हा अंगणातला मंडप रिकामा झाला होता. माणसं परतून पाय धूत होती. तिचं शेवटचं दर्शन मला झालं नाही. याला आता सात आठवडे होतील. तिच्याबद्दल लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, पण तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही लिहावं लागणार, म्हणून हात धजत नव्हता.

धुळ्याला देवपुरात आमचं एक धर्मादाय निदान केंद्र आहे. रक्त-लघवीच्या तपासण्या आणि शिरपूरपलीकडच्या पाड्यांवर आरोग्य शिबिरं, असं त्याचं काम. मी तिथे टंकलेखक. डॉक्टरांनी हाताने लिहिलेले रिपोर्ट टाइप करायचे, एवढीच माझी नोकरी, पण सुनंदाताई येईपर्यंत मी ती वीस वर्षं चोख केली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राला एका देणगीदाराकडून कॉम्प्युटर मिळाला आणि तो चालवायला जळगावची सुनंदा नावाची मुलगी आली. रेल्वेत गँगमन असलेल्या माणसाची मुलगी, संख्याशास्त्रात पदवी घेतलेली, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. पहिल्या दिवशी मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मला वाटत होतं, आपली खुर्ची उचलायलाच ही बाई आली आहे. तिला ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली की मला प्रोग्राम लिहिता येतो, पण रिपोर्टमध्ये डॉक्टर आधी कुठल्या ओळीकडे बघतात हे मला माहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून मी भास्करभाऊ झालो आणि ती माझी सुनंदाताई. वयाने ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती, तरीही ताईच.

तिने लिहिलेला प्रोग्राम रिपोर्ट छापायचा आणि एखादा आकडा धोक्याच्या पातळीखाली असला की त्याच्यापुढे चांदणी छापायचा. शिबिरातल्या सिस्टरना त्या चांदणीचा मोठा आधार. चांदणी असलेल्या बायकांना थांबवून ठेवायचं, बाकीच्यांना गोळ्या देऊन घरी पाठवायचं. अडचण अशी होती की या पातळ्या प्रोग्रामच्या पोटात लिहिलेल्या होत्या. गरोदर बाईची वेगळी, लहान मुलाची वेगळी, आणि डॉक्टर त्या अधूनमधून बदलायचे. प्रत्येक वेळी सुनंदाताईने प्रोग्राम उघडायचा, बदलायचा, पुन्हा बांधायचा. ती म्हणायची, आकडा डॉक्टरांचा आहे, तो माझ्या कुलपात कशाला? तिला तो बाहेर काढून साध्या फाइलमध्ये ठेवायचा होता, कुणालाही उघडून वाचता येईल अशा. आणि ती फाइल मी सांभाळायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

पण अशी फाइल प्रोग्रामला वाचता यायला हवी. त्यासाठी तयार मिळणाऱ्या वाचक-प्रोग्रामला ती 'पार्सर लायब्ररी' म्हणायची. लायब्ररी म्हटल्यावर मला आधी पुस्तकांचं कपाट आठवलं. ती हसली नाही. म्हणाली, तसंच आहे, दुसऱ्याने लिहून ठेवलेलं आपण घरी आणून वापरायचं. पुण्यातल्या एका वर्गमैत्रिणीकडून तिने ती फ्लॉपीवर मागवली. पहिली फ्लॉपी पोस्टात दुमडून आली, ती वाचलीच गेली नाही. दुसरी आली ती दोन पुठ्ठ्यांमध्ये दोऱ्याने बांधून. ती चालली, पण आमच्या मशिनवर लायब्ररी बांधली जाईना. कॉम्पायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशिनला चालेल असा बांधून देणारा, दर वेळी चुकांची यादी दाखवायचा, आणि ती यादी छापून, घडी घालून पर्समध्ये ठेवून ती देवपुरातल्या तिच्या खोलीवर न्यायची. तीन आठवड्यांनी एका दुपारी तिने मला हाक मारली. पडद्यावर चौकटी कंसात एक शीर्षक होतं आणि त्याखाली ओळी, नाव, बरोबरचं चिन्ह, आकडा. हे शाळेच्या हजेरीपटासारखं आहे भाऊ, ती म्हणाली, वर वर्गाचं नाव, खाली त्या वर्गातली मुलं. मग तिने मला तेच उलट समजावून सांगायला लावलं. दोनदा. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला यंत्र आतून दाखवत होतं.

पुढचे काही महिने ती फाइल मी सांभाळली. डॉक्टरांनी सांगायचं, मी बदल करायचा. साडेअकरा, बारा, असे एकदोन आकडेच बदलावे लागले. मग पाड्यांवरच्या शिबिराआधी डॉक्टरांनी सांगितलं की तिकडच्या बायका फार अशक्त असतात, गरोदर बाईच्या हिमोग्लोबिनची पातळी नवावरून दहा करा, म्हणजे जास्त बायका वेळेवर हाती लागतील. मी फाइल उघडली, दहा लिहिले, बंद केली.

माझ्या जुन्या टंकयंत्रावरची शून्याची कळ कितीतरी वर्षांपूर्वी तुटली होती. तिच्या जागी मी इंग्रजी मोठा ओ दाबायचो. कागदावर फरक दिसत नसे. बोटांना ती सवय इतकी जडली होती की कॉम्प्युटरवरही बोट आपोआप ओवर गेलं. लायब्ररीने एक वाचला, पुढचं अक्षर आकडा नाही म्हणून तिथेच थांबली, आणि काही न बोलता पातळी एक धरून पुढे गेली. हिमोग्लोबिन एकच्या खाली कुणाचं असणार? त्या शिबिरात एकाही गरोदर बाईपुढे चांदणी छापली गेली नाही. सगळ्या गोळ्या घेऊन घरी गेल्या. डॉक्टर त्या शिबिराला नव्हते, आणि सिस्टरनाही वाटलं, या वेळी बायका बऱ्या आहेत.

सहा दिवसांनी रिपोर्ट लावून ठेवताना सिस्टरच्या नजरेस एक कागद पडला. सहा पूर्णांक दोन, आणि चांदणी नाही. सुनंदाताईला कारण सापडायला तास लागला नाही. तिने मला बोलावलं, पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि मला दिसेपर्यंत ते उचललं नाही. मी राजीनामा देतो म्हणालो.

"भाऊ, माणसाचं बोट चुकणारच," ती म्हणाली. "ज्या प्रोग्रामला ते वाचता आलं नाही, त्याने आपल्याला विचारायला हवं होतं. ते मी तपासलं नाही. आधी त्या बायका शोधू."

रिपोर्ट चाळल्यावर अकरा नावं निघाली. दहा जणी दोन दिवसांत सापडल्या. सहा पूर्णांक दोनवाली सुरती मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. आम्ही एसटीने शिरपूरला गेलो, तिथून जीपने, आणि शेवटचे दोन-तीन मैल चालत. सुरती लाकडाची मोळी घेऊन उतारावरून येत होती. आठवा महिना. ओठ मातीच्या रंगाचे झालेले. तिच्या सासूने आम्ही दिलेला रिपोर्ट घडी करून छपरात खोचून ठेवला होता, तो काढून तिने सुनंदाताईपुढे धरला. सगळं बरं आहे म्हणून तुम्हीच सांगितलं ना, असं तिचं म्हणणं. मग तिने आपल्या मोडक्या खानदेशीत विचारलं, "कागद खोटं बोलस का?"

सुनंदाताई म्हणाली, "कागदनी नही. चूक आमनी शे."

मी शेजारी उभा होतो. 'आमनी', म्हणजे आमची, या शब्दात मी मावून गेलो आणि गप्प राहिलो.

सुरतीला आम्ही त्याच दिवशी धुळ्याला सरकारी दवाखान्यात आणलं. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, त्यातली एक सुनंदाताईची. सुरती वाचली. मूल दिवस भरण्याआधीच झालं आणि दोन दिवसांनी गेलं. आमचे डॉक्टर म्हणाले, हा अशक्तपणा महिनोन्‌महिन्यांचा, सहा दिवसांनी काही फरक पडला नसता. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं, अजूनही झोप लागत नाही तेव्हा तेच म्हणतो. सुनंदाताईने ते वाक्य कधी वापरलं नाही. कुणी तिच्यासमोर ते म्हटलं तर ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

विश्वस्तांनी खुलासा मागितला. तिने तो एका पानावर लिहून दिला. त्यात होतं: सेटिंगच्या फाइलमधलं मूल्य पूर्ण वाचलं गेलं की नाही याची तपासणी प्रोग्राममध्ये ठेवलेली नव्हती, ती ठेवणं माझं काम होतं, जबाबदारी माझी आहे. फाइलमध्ये तो आकडा कुणी लिहिला, याचा त्यात उल्लेख नव्हता. विश्वस्तांकडे जाणारे सगळे कागद टाइप होऊन जायचे आणि ते मी टाइप करायचो. हाही माझ्याकडेच आला. ताई समोर बसली होती. मी एकदा मान वर करून तिच्याकडे बघितलं, तर ती म्हणाली, "करा टाइप. दोन पोरी शिकतायत तुमच्या." आणि मी टाइप केला... खाली तिचं नाव घातलं, दोन प्रती काढल्या, एक फायलीला लावली. तिची नेमणूक वर्षावर्षाची होती. मार्चनंतर ती वाढवली नाही.

त्या उरलेल्या दोन-अडीच महिन्यांत तिने एकच काम केलं. लायब्ररी पुन्हा उघडली. आकडा वाचून झाल्यावर त्याच्यामागे एखादं अक्षर जरी उरलं, किंवा शीर्षक सापडलं नाही, तर प्रोग्राम थांबायचा आणि कितव्या ओळीवर अडलो ते सांगायचा. स्वतः काही गृहीत धरायचा नाही. डॉक्टरांना हे पटेना. शिबिराच्या दिवशी रांग लागलेली असताना एका अक्षरासाठी सगळं बंद पडलं तर काय करायचं, असं ते म्हणाले. तिने शांतपणे सांगितलं की बंद पडू द्या, रांगेतला माणूस खोळंबला तर कुरकुर करेल, पण घरी तर जाणार नाही. सुधारलेल्या लायब्ररीची फ्लॉपी तिने पुण्याच्या मैत्रिणीला पाठवली, दोन पुठ्ठ्यांमध्ये, आणि चिठ्ठीत लिहिलं की मूळ फ्लॉपी ज्याला ज्याला दिली असेल त्या प्रत्येकाला ही दे. ते पाकीट पोस्टात टाकायला मीच गेलो होतो.

ती जळगावला परतली, पिंप्राळ्यात घराजवळच एका खोलीत मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवू लागली. लग्न केलं नाही. मी वर्षातून एखादी चक्कर टाकायचो. दर वेळी एसटीत बसल्यावर ठरवायचो की आज तिच्या वडिलांसमोर सगळं बोलायचं, आणि दर वेळी चहा पिऊन परत यायचो. शेवटचा गेलो तेव्हा ती अंथरुणावर होती. कावीळ उलटली होती, डोळे हळदीसारखे. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाली, प्रोग्राम अजून थांबतो का? मी सांगितलं, गेल्याच महिन्यात थांबला, शिबिराची माणसं वीस मिनिटं उभी होती, माझाच एक स्वल्पविराम जास्त पडला होता. तिला बरं वाटलं. मग मी म्हणालो, ताई, तो खुलासा... तिने हाताने नको म्हटलं. थकली होती म्हणून, की तो विषयच नको होता, हे मला आता कधी कळणार नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी पुन्हा पिंप्राळ्याला गेलो. वंदना झाली, माणसं पांगली. तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, ओट्यावर बसले होते. मूळचे पारोळ्याकडचे, रुळांवर जन्म गेलेला, कमी बोलणारा माणूस. मी जयभीम करून शेजारी बसलो. मग तेच म्हणाले की धुळ्याची नोकरी तिच्या चुकीमुळे गेली, तिच्या हातून एक लेकरू गेलं, तसं ती स्वतःच घरी सांगायची. भाऊबंदांत कुणीकुणी ते बोलून दाखवायचं, तेव्हा ही मान खाली घालून ऐकून घ्यायची. बापाला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. "एवढी हुशार पोर," ते म्हणाले, "तिना हाते आसं कसं व्हयनं?"

मी म्हणालो, "नाना, ते अक्षर मी टाइप केलं होतं. तिने माझं नाव घेतलं नाही."

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो, खरं सांगायचं तर यावा असं मला वाटत होतं. ते ओट्यावरून उठले, भिंतीला धरून आत गेले आणि मला हाताने ये म्हणाले. ती मुलांना शिकवायची ती खोली. दोन टेबलं, कापडाने झाकलेला कॉम्प्युटर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि पाठीला उशी बांधलेली तिची खुर्ची. खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली. स्वतः मुलांच्या बाकावर बसले.

"बस," ते म्हणाले. "बठ्ठं सांग."

मी तिच्या खुर्चीवर बसलो, आणि ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली त्या दुपारपासून सगळं सांगायला सुरुवात केली.